अण्णांची तांब्याची तार

"मशीन चाललंय न्हवं?" अण्णांनी फोनवर विचारलं.

"चाललंय की," मी म्हणालो.

त्या घटकेला त्यांचं मशीन माझ्या जेवणाच्या टेबलावर, जुन्या वर्तमानपत्रांवर, सुटं होऊन पडलं होतं. एखादा स्क्रू खाली पडून पायाखाली येऊ नये म्हणून मी खुर्चीवर मांडी घालून बसलो होतो. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता ताटं आतल्या खोलीत नेली. त्या आठवड्यात आम्ही जमिनीवर बसूनच जेवत होतो.

हे थोडं मागे जाऊन सांगायला हवं. आमचे तात्या कोल्हापुरात १६ एमएमचे खेळ भाड्यानं करायचे. गणपतीत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा पडदा बांधायचा, अलीकडून माणसं, पलीकडूनही माणसं. पलीकडच्यांना हिरो डावखुरा दिसायचा, नावं उलटी दिसायची, पण कुणाची तक्रार नसे. १९८२ नंतर रंगीत टीव्ही आला, मागोमाग व्हिडिओ आला आणि तात्यांचं मशीन माळ्यावर गेलं. मी बँकेत चिकटलो. निवृत्त झालो त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या तालीम मंडळाच्या पोरांनी विचारलं, "काका, आजोबांचं मशीन आहे का अजून? यंदा पडद्यावर पिक्चर दाखवायचा." मी छाती फुगवून हो म्हणालो. तेव्हा हातात स्क्रू ड्रायव्हर धरण्याचा माझा अनुभव फ्यूज बदलण्यापुरता होता.

मशीन अमेरिकी बनावटीचं, सत्तरच्या दशकातलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढे जे झालं त्यात तिचा वाटा थोडा आणि माझा फार.

पहिली चूक मी मशीन चालू केल्यापासून दहाव्या मिनिटाला केली. तात्यांच्या ट्रंकेत एका जुन्या चित्रपटाची चार रिळं होती. एक लावलं. दिवा लागला, चित्र आलं, आणि येता क्षणी थरथरायला लागलं. मध्येच फिल्म अडकायची, भोकांच्या कडा कुरतडल्या जायच्या. १६ एमएमच्या फिल्मला एका चित्रामागे एक भोक असतं. मशीनमधला छोटा पंजा त्या भोकात शिरतो, फिल्म एक चित्र खाली ओढतो, बाहेर येतो, वर जातो, पुन्हा शिरतो. सेकंदाला २४ वेळा. चित्र थरथरतंय म्हणजे पंजा झिजला, असा मी निकाल देऊन टाकला. भिंगातून बघितल्यावर तो मला झिजलेला दिसलाही. निकाल आधी लागला की पुरावा सापडतोच.

मग आठ महिने मी पंजा शोधला. पुण्याच्या जुन्या बाजारात चार रविवार घालवले. मुंबईला चोरबाजारात गेलो, लॅमिंग्टन रोड पालथा घातला. चोरबाजारात प्रोजेक्टर भरपूर, पण ते हॉटेलांच्या दर्शनी भागात ठेवण्यासाठी. बाहेरून पॉलिश केलेले, आतून पोकळ. एका दुकानदाराला मी उत्साहानं सगळी कहाणी सांगितली: तात्या, गल्ली, पडदा, मंडळाची पोरं. तो शांतपणे ऐकत होता. कहाणी संपेपर्यंत पंजाचा भाव ८०० वरून २,५०० वर गेला होता. मी बँकेतला माणूस, आयुष्यभर लोकांची गरज ओळखून व्याजदर सांगितला, आणि स्वतःची गरज अशी ताटात वाढून दिली. माझ्या वहीत ती नोंद लाल शाईत आहे.

पंजा आणला, बसवला. चित्र तसंच थरथरत होतं.

पुण्यात फिल्मच्या संग्रहात उमेदीची वर्षं घालवलेले एक गृहस्थ आहेत. कुणीतरी त्यांचा नंबर दिला. मी पंजा, स्प्रिंग, गेट असं बोलत सुटलो. त्यांनी मध्येच विचारलं, "डबा उघडल्यावर वास कसला येतो?"

"कसला म्हणजे?"

"व्हिनेगरचा येतो का?"

येत होता. पहिल्या दिवसापासून येत होता. मला वाटलं होतं, ट्रंकेत लोणच्याची बरणी फुटली असेल कधीतरी.

जुनी ॲसिटेटची फिल्म उष्म्यानं आणि दमटपणानं सडते, तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं आणि ती आकसते. १६ एमएमच्या फिल्मवर एका भोकापासून पुढच्या भोकापर्यंतचं अंतर ७.६२ मिलिमीटर असतं, म्हणजे १०० चित्रांची लांबी ७६२ मिलिमीटर भरायला हवी. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी फिल्म टेबलावर सरळ धरून टेपनं मोजली. ७५२ भरली. दर शंभर चित्रांमागे एक सेंटिमीटर फिल्म नाहीशी झाली होती. पंजा जिथे जायला हवा तिथेच जात होता. भोक तिथे नव्हतं. आठ महिने, २,५०० रुपये, आणि मोजायला लागली पाच मिनिटं, तीही घरातल्या शिवणाच्या टेपनं.

तात्यांचा जुना पंजा मी दुकानदाराला मोबदल्यात देऊन आलो होतो. ते तर सांगायचंच राहिलं.

दुसरी, चांगली प्रिंट एका संग्राहकाकडून उसनी मिळाली. चित्र स्थिर आलं. वीस मिनिटं मी तात्यांच्या फोटोकडे बघत बसलो. एकविसाव्या मिनिटाला आतून 'कट' असा आवाज आला आणि मशीन जागीच आवळलं.

मागचं झाकण काढलं तर पांढऱ्या प्लास्टिकचे तुकडे. या मशीनमध्ये एका पोलादी दांड्यावर प्लास्टिकचं वर्म, म्हणजे आटे असलेला गिअर, बसवलेलं असतं. त्याच्या आट्यांवर वरची-खालची दातेरी चाकं फिरतात आणि फिल्म पुढे सरकते. वर्म दांड्यावर घट्ट बसवलेलं असतं. वर्षानुवर्षांत प्लास्टिक आकसतं, पोलाद आकसत नाही, आणि एक दिवस वर्म उभं तडकतं. तडा रुंदावला की आट्यांत फट पडते आणि चाकाचा दात त्या फटीत अडकतो. हे सगळं आज मला पाठ आहे. त्या रात्री मला एवढंच कळलं की कचरा झालाय. मी टेबल पुसलं, तुकडे गोळा केले आणि सकाळी घंटागाडीत टाकले.

ही चूक नंबर दोन. एकूण चुकांत हिच्यावर ताण करेल अशी एकच आहे, तिच्याकडे येतोच.

उद्यमनगरात ओळखीचा टर्नर आहे. दोन पिढ्या लेथवर उभं राहिलेलं घर. कुठलाही पार्ट हातात घेऊन अंगठा फिरवला की त्याला माप कळतं. मी त्याच्यापुढे मोबाईलमधला एक धूसर फोटो धरला.

"पीस कुठाय, सर?"

"टाकला."

"टाकलासा?" त्यानं मशीन बंद केलं. "मोडका पीस टाकतंय व्हय कोण? तुटलेल्या पीसवर सगळं लिवलेलं असतंय."

तरी त्यानं प्रयत्न केला. चाकावरून अंदाज घेतला आणि पितळेत वर्म काढून दिलं. पहिल्यांदा बसवलं तर दातेरी चाक उलटं फिरायला लागलं. मूळ वर्मचे आटे डावे होते आणि मी त्याला ठामपणे "नेहमीसारखे" म्हणून सांगितलं होतं. दुसरं काढलं, ते सुलट फिरलं. मी पेढे वाटले. तीन दिवसांत मशीनखाली तपकिरी भुसा दिसायला लागला.

अमेरिकी गिअर इंची मापात कापलेले, डायमेट्रल पिचमध्ये. आमच्याकडची कटर मिलिमीटरची, मॉड्यूलमध्ये. उदाहरणच द्यायचं तर ३२ डीपी म्हणजे हिशेबानं ०.७९४ मॉड्यूल. लेथवर मिळतं ते ०.८. शेजारी शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळणार नाही. पण मिनिटाला शेकडो फेऱ्या मारल्या की तो फरक बरोबर कळतो, मऊ बाजूला कळतो. वर्म पितळेचं, चाकं मूळची मऊ. पितळेनं ती चाकं खाऊन टाकली. एक भाग मोडला होता, आता तीन मोडले. टर्नरचा यात दोष नाही. नमुना, माप, कशाची जोडी कशाशी आहे, यातलं काहीच मी त्याला दिलं नव्हतं. फक्त घाई दिली होती.

यानंतर मी अण्णांकडे गेलो.

अण्णा पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावात राहतात. वय ऐंशीच्या पुढे. जत्रेत, लग्नांत, पाटलांच्या वाड्यांवर खेळ केलेले. त्यांच्याकडे तात्यांच्या मशीनचं जुळं भावंड होतं, आणि ते चालत होतं. माझ्यासमोर त्यांनी लावून दाखवलं, भिंतीवर, कुटुंबनियोजनाच्या कुठल्याशा जुन्या फिल्मचा तुकडा. आवाज खणखणीत. पट्टा बघितला तर शिलाई मशीनचा चामडी पट्टा, पण तो फक्त खालच्या रिळाला. मुख्य दांड्याला त्यांनी रबरीच ठेवला होता. चामडी पट्ट्याच्या सांध्याची तारेची पिन प्रत्येक फेरीला टक्‌ करते आणि ती टकटक गाण्यात उतरते, हे त्यांनी मला न विचारता सांगितलं. मी "हो, हो" म्हणालो. माझं लक्ष मागच्या झाकणाकडे होतं.

"इकायचं न्हवतं," अण्णा म्हणाले, "पण पोरं मुंबईला. माझ्या माघारी भंगारात जाईल. तात्यांच्या पोराकडं गेलं तर चालू ऱ्हाईल. सुटं नका करू म्हंजे झालं."

"छे, सुटं कशाला करीन," मी म्हणालो.

मी ते सुटं करण्यासाठीच घेत होतो. चालत्या मशीनचं वर्म आणि चाकं काढून तात्यांच्या मशीनमध्ये घालायची, असा माझा हिशेब एसटीत बसतानाच पक्का झालेला होता. दोन मशीनचं एक करणं म्हणजे काटकसर, अशी मी माझी समजूतही घालून ठेवली होती. ९,००० रुपये मोजले. अण्णांनी मशीनला हळदकुंकू लावलं.

घरी आल्यावर झाकण उघडलं. वर्म होतं, अखंड दिसत होतं. पण त्याच्या दोन्ही टोकांना, आटे संपतात तिथल्या गळ्यावर, तांब्याची बारीक तार गुंडाळलेली आणि वरून ॲरल्डाइट थापलेलं. मला ते बघून किळस आली. खरं तेच लिहितो, किळस आली. असला गावठी जुगाड तात्यांच्या मशीनमध्ये नको, स्वच्छ करून घालू, म्हणून मी कटर घेतलं आणि दोन्हीकडची तार कापली.

वर्म माझ्या हातात उमललं. उभा तडा, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

एकाच सुमाराला बनलेली दोन मशीन, एकाच जातीचं प्लास्टिक, तेवढंच वय. ताण मशीन चालवल्यानं येत नाही, वर्म दांड्यावर बसवल्या दिवसापासून तो असतो. कपाटात कापड पांघरून ठेवलेलं मशीनही त्यातून सुटत नाही. एक तडकलं असेल तर दुसरं तडकलेलंच असणार, हे टेबलाशी बसून नुसता विचार केला असता तरी कळण्यासारखं होतं. अण्णांना ते कधीच कळलं होतं. त्यांनी तडा रुंदावू नये एवढीच सोय केली होती आणि मशीन चालवत राहिले होते. एकच चालतं मशीन होतं, तेही माझ्या हातून गेलं. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. मी काय उत्तर दिलं ते वर लिहिलंच आहे.

बाकीच्या काही चुका घाईनं सांगतो, कारण त्यांची लाज तुलनेनं कमी वाटते. साउंडचा छोटा दिवा गेला, ४ व्होल्टचा. मी सायकलच्या डायनॅमोचा बल्ब ट्रान्सफॉर्मरवर लावला. आवाज आला, पण सगळ्या संवादांखाली भुंगा गुणगुणत होता. दिवा ५० हर्ट्झच्या एसीवर लावला की सेकंदाला शंभरदा मंद-प्रखर होतो, आणि फिल्मवरचा आवाज उजेडानंच वाचला जात असल्यामुळे ती लुकलुकही ऐकू येते. मोठा दिवा २४ व्होल्ट २५० वॅटचा हवा होता; ते आकडे बघून मागवला, तर त्याला मागचा आरसाच नव्हता. आकडे तेच, जात वेगळी. पडद्यावर संध्याकाळ झाली.

शेवटी न्यू जर्सीतली भाची मदतीला आली. तिकडे काही हौशी लोक असली वर्म नव्यानं बनवून विकतात. तिनं वर्म घेतलं, चाकं घेतली, आणि "मामा, सगळंच नवं घालून टाक" म्हणून पट्टा, मोटरवरची पुली असं जे जे मिळालं ते खोक्यात भरलं. मी सगळं नवं घातलं. जुनी पुली चांगली होती, तरी काढली. नवीवर ६० असा आकडा कोरलेला होता. जुनीवर ५० होता. मला वाटलं, पार्ट नंबर असेल.

चाचणीला गल्लीतले पाचसहा जण बोलावले होते. त्यांत भजनी मंडळाचे पेटीवाले होते. नायिकेचं गाणं सुरू झालं. ते मान तिरकी करून ऐकत राहिले आणि म्हणाले, "हे गाणं काळी पाचचं आहे हो. तुमच्याकडं पांढरी पाचला कसं काय उतरलं?"

मी म्हणालो, जुनी प्रिंट आहे. तोंडाला येईल ते. रात्रभर झोप लागली नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. तिकडच्या पुलीवर आपल्याकडे मशीन एक षष्ठांश हळू चालतं. २४ चित्रांच्या जागी २०. सगळे सूर तीन पट्ट्या खाली, आणि शंभर मिनिटांचा चित्रपट दोन तासांचा. व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मर मिळतो, हर्ट्झसाठी मिळत नाही. जुनी पुली मी या खेपेला टाकली नव्हती, एवढी अक्कल आली होती. पहाटे उठून बसवली. सकाळी पेटीवाल्यांना घरी बोलावून तेच गाणं ऐकवलं. "आता बसलं," ते म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

गणपतीत खेळ झाला. ऐन पहिल्या श्रेयनामावलीत अक्षरांना वरच्या बाजूनं पांढऱ्या शेपट्या फुटल्या होत्या, कारण वर्म घालताना शटर आणि पंजा यांचा मेळ माझ्याकडून किंचित चुकला होता. पंजा फिल्म ओढत असताना शटरची पाती पुरती आडवी येत नव्हती. पोरांना वाटलं, जुन्या पिक्चरची तीच गंमत असते. मी खुलासा केला नाही.

अण्णाही आले होते. कुणी कळवलं माहीत नाही. नातवाच्या मोटरसायकलवर बसून आले, पडद्याकडे पाठ करून मशीनशेजारी उभे राहिले आणि पूर्ण रीळभर आवाज ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे तात्यांचं. माझं कुठाय?"

दुसऱ्या दिवशी त्यांना घरी नेलं. त्यांचं मशीन मी बिस्किटांच्या चार डब्यांत भरून ठेवलं होतं. त्यात तात्यांच्या मशीनचे काढलेले स्क्रूही मिसळले होते. कुठला स्क्रू कुठला, हे मी लिहून ठेवलेलं नव्हतं. मी, ज्यानं पस्तीस वर्षं एका पैशाचा फरक निघाला तर रात्री नऊपर्यंत खाती ताळली.

अण्णांनी डबे बघितले. पहिला प्रश्न विचारला, "तार कुठाय?"

"कापली."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तडकलेलं वर्म उचललं, दोन बोटांत दाबून तडा मिटवला, सोडला, परत मिटवला. "जोतिबाच्या यात्रंत तडकलं हुतं," ते म्हणाले. "मोटर वाइंडिंगची तार हुती गाडीत. तासाभरात चालू केलं. मग हाय तशीच ऱ्हाऊ दिली." किती वर्षं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"फोनवर तुम्ही चाललंय म्हणलासा," ते जाताना म्हणाले. रागावून नव्हे. नोंद करावी तसं.

डबे ते घेऊन गेले. नातवाचा फोन येतो. अण्णा खाटेवर बसून दिवसाला दोनचार स्क्रू लावतात. डोळे साथ देतील तेवढेच. काही स्क्रू त्यांनी परत पाठवले, एका पुडीत, वर लिहून: 'हे तात्यांचे'. ९,००० रुपये परत मागायचा प्रश्नच नव्हता. मी मशीन परत देतोय असं म्हणालो तेव्हा त्यांनी पैसे पुढे केले, आणि ते मी घेतले नाहीत, एवढं एक बरोबर केलं.

भाचीला दुसरं वर्म सांगितलं होतं. ते परवा आलं. डबा मी उघडलेला नाही. रविवारी पन्हाळ्याकडे जाताना तसाच घेऊन जाणार आहे.